आठ दिवस आधी कळव

सगळं झालं ते एका चौकोनामुळे. नखाएवढा चौकोन, त्यात निळ्या शाईची एक खूण, बस. पण त्या खुणेने एका धडधाकट माणसाच्या तोंडचं पाणी पळवलं. आणि माणूस असा, की उंच मचाणावर उभा राहून पोलाद वितळवायचा आणि वर शीळही घालायचा.

त्याला सगळे ठिणगी म्हणत. वेल्डर होता, म्हणून हे नाव, असं लोकांना वाटायचं. खरं तर लहानपणी जरा कुणी बोललं की हा पेटायचा, म्हणून वडिलांनीच ठेवलेलं. साडेतीन वर्षांपूर्वी तो कंत्राटावर परदेशी गेला. कायमचा नव्हे हो. चार वर्षांचं कंत्राट, तेल साठवायच्या मोठाल्या टाक्या जोडायच्या, काम संपलं की गाशा गुंडाळून परत. घरी म्हातारी आई एकटी. वर्षाला एक सुट्टी मिळे, तीन-चार आठवड्यांची, ती तो न चुकता आईकडे काढायचा.

आईची एकच अट असे. "यायच्या आधी आठ दिवस कळव." पोटच्या पोराला अशी अट कोण घालतं? पण आई शिवणकाम करणारी, मापात राहणारी बाई. तिला सगळं वेळेवर आणि जागच्या जागी लागतं, असं म्हणून ठिणगी हसायचा आणि कळवायचा. एकदाच तो न कळवता आला होता, दुसऱ्या वर्षी, मध्येच मिळालेल्या पाच दिवसांच्या जादा रजेत, तिला चकित करायला म्हणून. चकित ती झालीच. पण आनंद राहिला बाजूला, दारातच तिचा चेहरा उतरला. तुझ्या खोलीला रंग दिलाय, ओला आहे, असं सांगून तिने त्याला पाच दिवस बाहेरच्या खोलीत गादी घालून दिली. रंगाचा वास कसा येत नाही, हे त्या शहाण्याच्या डोक्यातही आलं नाही.

आता त्या चौकोनाकडे येऊ. ठिणगीचे वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. निवृत्त होताना कारखान्याने जुन्या कामगारांना थोडे शेअर दिले, वडील गेल्यावर ते ठिणगीच्या नावावर झाले. कारखान्याला नफा झाला की त्यातला वाटा, म्हणजे लाभांश, वर्षातून एकदा यायचा. केवढा? त्यातून आईच्या चपला आणि चष्म्याची एक काच निघाली तर निघाली. पण वडिलांची शेवटची आठवण, म्हणून विकायचा विषय घरात कुणी काढत नसे.

हा लाभांश द्यायच्या आधी कारखाना दर वर्षी एक फॉर्म पाठवायचा. त्यात दोन चौकोन, एकापुढे 'निवासी' आणि दुसऱ्यापुढे 'अनिवासी'. अर्थ सरळ होता. जो इथे राहत नाही, परदेशी कामाला आहे, तो अनिवासी. त्याच्या लाभांशातून कारखाना चौथा हिस्सा कर म्हणून आधीच कापून घेणार आणि विषय तिथे संपला. परदेशातल्या पगाराकडे इथलं सरकार ढुंकून बघणार नाही. जो निवासी, त्याच्या एवढ्याशा लाभांशावर कर नाहीच म्हटलं तरी चालेल, पण मग त्याची जगभरातली कमाई इथे दाखवायची आणि तिच्यावर इथे कर भरायचा. म्हणजे चुकीच्या चौकोनात खूण केली, तर चपलेचे पैसे वाचवून घर गमवायची वेळ यायची.

कंत्राटावर जाताना ठिणगीने आईला मुखत्यारपत्र करून दिलं होतं. फॉर्म घरी यायचा, सही आई करायची. आणि आईने तिन्ही वर्षं खूण केली होती ती 'निवासी'पुढे.

कर खात्याने ते पकडलं. तुम्ही स्वतःला निवासी म्हणवता, त्याचा फायदा घेता, तर तीन वर्षांचा परदेशी पगार कुठे आहे, असं विचारणारी नोटीस आली, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नावली. ती आईने फोटो काढून त्याला पाठवली. कामावरच्या कँटीनमध्ये बसून, कुणाला न विचारता, या पठ्ठ्याने ती स्वतः भरली. 'मायदेशात तुमच्यासाठी राहण्याची जागा कायम उपलब्ध आहे का?' असा एक प्रश्न होता. त्यापुढे याने लिहिलं, 'आहे. आईच्या घरी माझी स्वतःची खोली आहे.' नुसतं लिहून थांबला नाही, 'स्वतःची' खाली रेघही ओढली. तीन-साडेतीन वर्षं लोखंडी खाटेवर, एका खोलीत सहा जणांत झोपणाऱ्या माणसाला हे लिहिताना किती बरं वाटलं असेल, ते ज्याचं त्याने समजावं.

पुढे सुनावणीची तारीख लागली. ठिणगी धावत आला. आठ दिवस कुठले, चार दिवस आधी कळवलं. आई फोनवर "बरं, बघते," एवढंच म्हणाली. आला तेव्हा खोली तयार होती. पलंगावर धुतलेली चादर, खिडकीला पडदा, भिंतीवर वडिलांचा फोटो. फक्त कपाट उघडलं तेव्हा दवाखान्यात येतो तसला जंतुनाशकाचा वास आला. आणि आईच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती, ती त्याने आधी पाहिल्यासारखी वाटत नव्हती. शिवणाचे तुकडे असतील, म्हणून त्याने विचारलं नाही.

कर सल्लागार बाई तोंडाच्या फटकळ होत्या. त्यांनी त्याचं उत्तर वाचलं आणि कपाळावर हात मारला. फॉर्मवरची खूण चुकून झाली हे पटवता येईल, त्या म्हणाल्या, खुणेने कुणी निवासी होत नाही. दिवसही तुझ्या बाजूने आहेत, वर्षाला महिनाभरसुद्धा तू इथे नव्हतास. पण ही खोली नडणार. हवं तेव्हा यावं आणि राहावं अशी जागा माणसाने राखून ठेवली असेल, तर कायदा म्हणतो, याचं बिऱ्हाड इथून हललेलंच नाही. आणि ते तू स्वतःच्या हाताने लिहून दिलंस, वर रेघ मारून.

निकाल विरुद्ध गेला तर काय, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. तीन वर्षांची शिल्लक जवळजवळ सगळी जाणार होती. ती शिल्लक म्हणजे ठिणगीचं परत येणं होतं. घराच्या मागच्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड त्याने बोलून ठेवली होती, तिथे तो स्वतःचं वर्कशॉप घालणार होता. विसार दिला होता, उरलेली रक्कम सहा महिन्यांत, कंत्राट संपलं की. ते पैसे गेले तर शेड गेली, आणि मग पुन्हा चार वर्षांचं कंत्राट. आईला बहात्तरावं लागलं होतं. शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवताना तिचे हात आता थरथरायचे. चार वर्षांनी आपण परत येऊ तेव्हा दार कोण उघडेल, हा विचार त्याच्या मनातून जाईना.

सल्लागार बाईंनी चष्मा काढून पुसला. खोली तशी त्याच्यासाठी नव्हती, सामान ठेवायला वापरत होते, असं आई सांगू शकतील का, असं त्यांनी जरा अडखळत विचारलं. ठिणगी ताडकन उठला. जी बाई दुसऱ्याच्या कापडातली चिंधीसुद्धा पुडी बांधून परत करते, तिला मी म्हातारपणी साहेबासमोर खोटं बोलायला लावू? शेड गेली खड्ड्यात, असं तो म्हणाला. बाईंनी मग तो विषय सोडला. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आईने हे सगळं ऐकलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

सुनावणीची खोली साधीच होती. एक टेबल, चार खुर्च्या, फायलींनी वाकलेलं एक कपाट. अधिकारी ठिणगीच्याच वयाचा, आवाज न चढवता बोलणारा. त्याने आधी दिवस मोजले. मग खुणांचं विचारलं, ते थोडं बाजूला ठेवलं आणि खोलीवर आला. खोली केवढी, दार वेगळं आहे का, किल्ली कुणाकडे असते. ठिणगी खरं तेच सांगत गेला, आणि प्रत्येक उत्तरासरशी शेड थोडी थोडी लांब जाते आहे हे त्याला कळत होतं. सल्लागार बाई खाली बघत होत्या.

"म्हणजे ही खोली तीन वर्षं तुमच्यासाठीच होती," अधिकारी म्हणाला आणि लिहायला लागला.

"नव्हती," आई म्हणाली.

ती बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. अधिकाऱ्याचं पेन थांबलं. ठिणगीने तिच्या हातावर हात ठेवला, दाबला. त्याला वाटलं, काल ऐकलं ते हिने मनावर घेतलं आणि आता पोरापायी आयुष्यभराचं व्रत मोडायला निघाली. लाजेने त्याचे कान तापले. "आई, राहू दे," तो हळूच म्हणाला.

आईने त्याचा हात बाजूला केला. शिवणाच्या पिशवीतून तिने एक पावतीपुस्तक काढलं. कापडाच्या दुकानात असतं तसलं, कार्बन घातलेलं, कोपरे दुमडलेलं. ते तिने टेबलावर ठेवलं आणि ती सरळ अधिकाऱ्याशी बोलली. खोली भाड्याने दिली होती, म्हणाली. मुलगा गेला त्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून. इस्पितळातली एक नर्स राहते, पाळीवर जाते, चांगली आहे. हा सुट्टीवर येणार असला की ती आठ दिवसांत आपलं आवरते आणि बहिणीकडे जाते. हा परत गेला की येते. या वेळी चारच दिवस मिळाले, बिचारी ट्रंक न्यायची राहिली.

ठिणगीचा तरीही विश्वास बसेना. त्याने पुस्तक ओढून घेतलं. अक्षर आईचंच होतं, गोल, गाऊनवर काज केल्यासारखं सावकाश. दर महिन्याला एक पावती, खाली नर्सची सही. शाई जुनी झालेली, काही पानं पिवळी पडलेली. हे काही एका रात्रीत लिहिलेलं नव्हतं. मग एका पानावर भाड्याच्या आकड्याऐवजी एक ओळ होती: 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत खोली रिकामी, भाडं घेतलं नाही.' त्या तारखा त्याला कुणी सांगायला नको होत्या. त्याची पहिली सुट्टी. पुढे तसंच दुसऱ्या सुट्टीचं पान. आपण ज्या दिवशी आलो, ज्या दिवशी गेलो, दोन्ही बरोबर. साडेतीन वर्षं लांबच्या त्या खाटेवर पडल्या पडल्या जी खोली तो डोळ्यांसमोर आणायचा, तिथे दुसरंच कुणी झोपत होतं, आणि त्याची खोली ती फक्त या दोन-तीन पानांपुरती होती.

तो पानं मागे-पुढे उलटत राहिला. पण अधिकाऱ्याचं काम सुरूच होतं. सुट्टीत तर खोली मिळत होती ना, त्याने विचारलं. सल्लागार बाई आता खुर्चीत सावरून बसल्या होत्या. मिळत होती, त्या म्हणाल्या, पण हवी तेव्हा नाही. भाडेकरूच्या मर्जीने, आणि आठ दिवस आधी कळवलं तर. याला काही पुरावा आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं.

आई ठिणगीकडे बघत राहिली. तिने हे कधी तोंडातून काढलं नसतं, आणि आता ते त्यालाच सांगावं लागणार होतं.

"आहे," तो म्हणाला. "एकदा मी न कळवता आलो होतो. तेव्हा मला खोली मिळाली नाही. पाच दिवस बाहेर झोपलो."

"कारण काय सांगितलं होतं?"

"रंग दिलाय म्हणून."

आईने मान खाली घातली. अधिकाऱ्याने पुस्तकातलं ते पान काढलं. त्या महिन्यात भाडं पूर्ण घेतलेलं होतं. त्याने तारखा ताडून पाहिल्या, मान हलवली आणि बराच वेळ लिहिलं. मग पेन ठेवून त्याने आईला विचारलं, भाडं का घ्यावं लागलं, मुलगा पैसे पाठवत नव्हता का? आई म्हणाली, पाठवत होता की, दर महिन्याला. ते तिने वेगळ्या पासबुकात टाकले, हात लावला नाही. शेडचा विसार त्यातूनच दिला. याचे पैसे खाल्ले असते तर हा आणखी लांब राहिला असता, आणि शिवणावर काही पोट भरत नाही.

अधिकाऱ्याने पावतीपुस्तक मिटलं. त्याच्या कामाला आता हे पुरेसं होतं, पण माणूस होता शेवटी.

"एक समजत नाही, आजी," तो म्हणाला. "मुलगा परदेशी. खोली दुसऱ्याला दिलेली. मग फॉर्मवर तुम्ही निवासी म्हणून खूण कशी केलीत?"

तिने पावतीपुस्तक ओढून घेतलं, त्याचे दुमडलेले कोपरे अंगठ्याने सरळ केले.

"खोली तर दिलीच होती, साहेब," ती म्हणाली. "कागदावर तरी तो घरात असावा म्हटलं."

नंतर तिच्याकडून एक लेखी जबाब घेतला. 'सदर काळात माझ्या घरी माझ्या मुलासाठी राहण्याची जागा उपलब्ध नव्हती.' तो अधिकाऱ्याने वाचून दाखवला. आईने पेन घेतलं आणि सही केली. या हाताने ज्याला तीन वर्षं घरात ठेवलं, त्याला त्याच हाताने बाहेर काढायचं होतं, आणि ते केलं तरच तो परत येणार होता. ठिणगीला ते बघवलं नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला, तिथे गाड्या लावायची जागा होती, आणि ती त्याला धूसर दिसत होती.

घरी येताना दोघं चालतच आले. आई सारखी काही सांगायला म्हणून घसा खाकरायची. शेवटी, तुला आवडणार नाही म्हणून सांगितलं नाही, असं म्हणाली. ठिणगी पेटायला पाहिजे होता, सवयच ती. पण त्याने फक्त तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. घरी गेल्यावर पलंगाखालची ट्रंक ओढून खोलीत नेऊन ठेवली, कपाटातले आपले कपडे बाहेर आणले आणि नर्सला फोन लावायला सांगितला. पाळीवरून थेट इकडेच या म्हणावं. सुट्टीचे उरलेले चार दिवस तो बाहेरच्या खोलीत गादीवर झोपला. या वेळी रंगाचं नाव कुणी काढलं नाही.

दीड महिन्याने निकाल आला. तिन्ही वर्षं अनिवासी. परदेशी पगाराला हात नाही. लाभांशावर कमी कापला गेलेला कर आणि वर थोडा दंड, तेवढं भरा. ते भरून झालं, आईच्या एका वर्षाच्या चपला गेल्या म्हणायच्या. सल्लागार बाईंनी मात्र बजावलं होतं, कंत्राट संपेपर्यंत खोली एक दिवसही रिकामी ठेवायची नाही, मुलासाठी म्हणून तर मुळीच नाही. आईने ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. पडदा काढला, वडिलांचा फोटो आपल्या खोलीत आणला, आणि नर्सला सांगितलं, आता खुशाल भिंतीला खिळे मार.

कंत्राट संपायच्या आधी बरोबर आठ दिवस ठिणगीने फोन केला. "आठ दिवस आधी कळवतोय," तो म्हणाला.

आला तेव्हा नर्स दुसरीकडे राहायला गेलेली होती. खोलीत पलंग होता, भिंतीत चार नवे खिळे होते, आणि तो दवाखान्यातला वास होता. आईने या वेळी काहीच मांडून ठेवलं नव्हतं. चादरसुद्धा घडी करून पलंगावर नुसती ठेवलेली. तुझं तू लाव, म्हणाली.

पुढच्या वर्षाचा फॉर्म आला तोवर शेडमध्ये वेल्डिंगचं यंत्र बसलं होतं. फॉर्मला आईने हात लावला नाही, तो संध्याकाळी येईपर्यंत टेबलावर तसाच पडला होता, शेजारी पेन. ठिणगीने हात धुतले, पेन उचललं आणि तिच्या हातात दिलं. तूच कर, म्हणाला. आईने शिवणाचा चष्मा लावला. आजवर जे केलं नव्हतं ते केलं. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या सूचनांसकट अख्खा फॉर्म वाचून काढला. मग पेन चौकोनावर धरून ती थांबली आणि त्या साहेबासारखंच, आवाज न चढवता, तिने विचारलं.

"राहायला स्वतःची खोली आहे?"

"आहे," ठिणगी म्हणाला.

मग तिने खूण केली.